अर्ध्या तासाची बाजू

लोक हसले, तेव्हा शिवांजलीच्या लक्षात आलं की पडद्यावरून आलेला तो पोरीचा आवाज आपलाच आहे. 'गप रं शिवत्या, भरतंय न्हवं,' एवढंच ती पोरगी दटावून बोलली आणि मागे एक नाट्यपद सुरू झालं. सांगलीतल्या त्या गारेगार थेटरात रविवारच्या दुपारी शंभरेक माणसं हसली. शेजारी तिचा नवरा जयराज पॉपकॉर्नची मूठ तोंडाशी नेता नेता थांबून हसला, आणि कॉलेजच्या लायब्ररीत वीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारलेल्या, पंचेचाळिशीच्या शिवांजलीबाईंनी पॉपकॉर्नकडे नेलेला हात तसाच मागे घेतला. सिनेमाची तारीफ तिने स्टाफरूममध्ये ऐकली होती. म्हणे एकही नवं गाणं नाही. सगळं संगीत जुन्या ध्वनिमुद्रणांतून वेचून लावलंय. नाटकातली पदं, वरातीची बँडपार्टी, धनगरी ढोल, पलटणीच्या बँडची धून, कानडी भजन, हिंदी सिनेमातलं नाचाचं गाणं, सगळं एकापाठोपाठ एक. गोष्ट एका टेम्पोवाल्याची होती. लोकांचं घरसामान या गावातून त्या गावात नेऊन टाकणारा माणूस, आणि त्याच्या टेम्पोत सतत वाजणारा एक जुना टेप. आत्ता त्याचा टेम्पो कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकला होता आणि टेपात शिवांजलीचं घर वाजत होतं. नाट्यपद येत होतं ते रेडिओतून, खोलीतल्या हवेसकट. लांब कोंबडी होती, दाराची कडी वाजत होती, अडीच वर्षांचा शिवतेज मुसमुसत होता. पद संपलं. खट्ट. मग एक माणूस बोलला, 'लीला, तुला म्हणून सांगतो...' पुन्हा खट्ट. आणि पाण्याला निघालेल्या बाईचं एक गाणं सुरू झालं.

दीड सेकंद, फार तर दोन. थेटरात कुणाचं तिकडे लक्षही गेलं नसेल. जुन्या टेपात कसले कसले आवाज असायचेच. शिवांजली मात्र खुर्चीचा दांडा धरून बसली. हा आवाज आपण पुसला होता. पुसलेला आवाज परत येत नाही, हे ती छत्तीस वर्षं स्वतःला सांगत आली होती, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला थोडा दिलासाही होता. पुरावा नाही म्हटल्यावर गुन्हाही हळूहळू गोष्टीसारखा वाटायला लागतो. झाला की नाही, कुणी बघितलंय? मध्यंतरात जयराज म्हणाला, "काय गं, डोकं चढलंय का? चहा आणू?" ती नको म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला आपलं सगळं सांगितलं होतं, अगदी लग्नाआधी बघायला येऊन नकार दिलेल्या कोरेगावच्या मास्तराबद्दलसुद्धा. हे सांगितलं नव्हतं. मोठं पाप असतं तर सांगून मोकळं होता आलं असतं. बारकं असतं तर आपोआप विसरलं असतं. हे कोणत्या मापाचं, तेच तिला आजवर कळलं नव्हतं. त्या दिवशी सिनेमाचा उत्तरार्ध तिने पाहिला असं म्हणायचं, एवढंच.

रहिमतपूरपासून चार मैलांवरचं त्यांचं गाव. वडील हंबीरराव फौजेत हवालदार. गावातली निम्मी घरं पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असत, पण हंबीररावांनी एका सुट्टीत कॅन्टीनमधून टेप आणला आणि त्यांच्या घरी पत्रांऐवजी कॅसेटी सुरू झाल्या. दोन कॅसेटी होत्या, त्याच फिरत राहायच्या. एक आली की घरच्यांनी ऐकायची, मग त्याच कॅसेटीवर आपलं बोलणं भरायचं आणि धाडून द्यायची; तिकडे ती पोचेतो दुसरी यायला निघालेली असे. जुन्यावर नवं भरायचं, ही रीतच होती, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. बोललेलं जपून ठेवायचं असतं, हे तेव्हा कुणाच्या मनात तरी आलं होतं का? संध्याकाळी सोप्यात टेप ठेवला की आधी आबा बोलायचे, म्हणजे शिवांजलीचे आजोबा. पावसापाण्याचं, भावकीचं, सरकारला दोन शिव्या. मग आजी रडायची, तेही भरलं जायचं. मग शिवांजली पाढे म्हणायची. आणि आई, लीलाबाई, आतल्या दाराच्या चौकटीला हात लावून उभी असायची. सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायचं नाही म्हणजे नाही, मग नवरा समोर असो नाहीतर दीड हजार मैलांवर बर्फात असो. टेपसुद्धा नवराच होता. त्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदर सावरून घ्यायची.

पण बाई हुशार होती. आबांचा मोठा रेडिओ फळीवर असायचा, त्याच्यावर दुपारी फर्माइशीची गाणी लागत. भाकरी थापता थापता लीलाबाई कान देऊन ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "अंजे, ह्ये भर." मग शिवांजली टेप उचलून रेडिओपुढे धरायची आणि दोन बटणं एकदम दाबायची. कधी नाटकातलं पद, कधी अभंग, कधी मोटेवरचं गाणं, एकदा तर चक्क बाईच्या नाचाचं हिंदी गाणं. ते भरताना आई भाकरी करपेपर्यंत चुलीकडे तोंड करून बसली होती. कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, तेही तीच ठरवायची. पाच-पाच दिवस थांबून, हवं तेच लागलं की. आबांना वाटायचं पोरीचा नाद आहे. शिवांजलीलाही तसंच वाटायचं. मोठी झाल्यावर, स्वतःचं लग्न झाल्यावर, एका दुपारी साड्यांच्या घड्या घालताना तिला अचानक उमगलं की ती आईची पत्रं होती. दुसऱ्यांचे शब्द, दुसऱ्यांच्या चाली, दुसऱ्यांचे गळे, आणि त्यांच्या रांगेत आईचं म्हणणं. पलीकडून वडीलही तसे संकोचलेलेच. आबांना नमस्कार, आईला नमस्कार, अंजा, अभ्यास कर, शिवतेजला पापा. दर वेळी 'अंजा' पहिल्या तिघांत असायची आणि ती वाट बघून बसलेली असायची. आणि अगदी शेवटी, खाकरून, 'घरच्या मंडळींनी भरलेली गाणी मिळाली.' घरची मंडळी म्हणजे आई. एवढ्यावर लीलाबाईचं महिनाभर भागायचं.

खरंच भागायचं का? लग्नाच्या आदल्या दिवशी शिवांजली आईबरोबर शेंगा फोडत बसली होती. जाताना सासरचं काही सांगेल, चार उपदेश करेल, असं तिला वाटत होतं. आई शेंगा फोडत म्हणाली, "ह्यो तुझा नवरा बोलतोय न्हवं तुझ्यासंगं? मग काय न्हाई. त्येंनी समद्यास्नी नमस्कार घातला बघ जलमभर. माझ्यासंगं त्या टेपात येक सबूद न्हाई बोलले. गाणी मिळाली म्हणायचे. आता गाणी मिळणारच की, पोष्टानं धाडली व्हती." आणि हसली. तक्रार नव्हतीच ती, आदल्या दिवशीच्या भाजीत मीठ कमी होतं म्हणावं तसं म्हणाली. शिवांजलीच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या क्षणी बोलायला हवं होतं. आई, बोलले होते गं. एक अख्खी बाजू भरून बोलले होते, तुझ्याशीच, दुसऱ्या कुणाशी नाही. पण मग आई म्हणणार, कुठं हाय ती कॅसेट? हळदीच्या अंगाने ती उठली आणि पाणी प्यायला गेली.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत बिराप्पा आला होता. जतकडचा, वडिलांच्या कंपनीतला. सुट्टीवर घरी निघालेला, वाट वाकडी करून त्यांच्या गावात उतरला. आई रानात, आजी देवळात, आबा बाहेर कट्ट्यावर चारचौघांत. नऊ वर्षांची शिवांजली शिवतेजला सांभाळत घरात होती. बिराप्पाने पाण्याचा तांब्या घेतला, उभ्याउभ्याच प्यायला, आणि खिशातून कॅसेट काढून तिच्या हातात दिली. "अक्का कुठाय? रानात? मग ह्ये तुझ्या आईच्या हातात दे, पोरी. आईच्याच. आबांना न्हाई. येक आख्खी बाजू भरून बोलल्यात त्ये. आलं का ध्येनात?" त्याला मिरजेकडची गाडी गाठायची होती, तो गेला. कॅसेटीवर कानडी अक्षरं आणि देवाचं चित्र होतं. नेहमीच्या दोनांतली नव्हती ती, बिराप्पाची भजनाची कॅसेट. पुन्हा भरता येऊ नये म्हणून मोडलेल्या मागच्या खाचांत कागदाचे बोळे कोंबून तिच्यावर भरलेलं. शिवांजलीने ती टेपात घातली. ऐकून बघावी, एवढंच मनात होतं.

वडील बोलत होते. पण कुणाशी? 'लीला' म्हणत होते, आणि पहिल्यांदा तर लीला कोण तेच तिला कळलं नाही. आईला घरात त्या नावाने कुणी हाक मारत नसे. माहेरी ती बनू होती. लग्नात नवरदेवाने ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं ते लीला, आणि ते तांदूळ भरून ठेवले तसं नावही ठेवून दिलं. सासरी ती धाकटी होती, अंजाची आई होती. वडील तिला 'ऐकलं का' म्हणायचे. आणि आता तेच वडील, पाढे चुकले की डोळे वटारणारे, हळू, घोगऱ्या आवाजात, मध्ये मध्ये थांबून, लीला, लीला म्हणत होते. पुरुषमाणूस असा बोलतो, हे तिने पूर्वी कधी ऐकलंच नव्हतं. तिचे कान तापले. तिने आवाज बारीक केला, कान टेपाला लावला आणि आणखी थोडं ऐकलं. बाहेर आबा खोकले. फळीवरच्या रेडिओत निवेदिका म्हणाली की आता ऐकू या, आणि ते पद लागलं, जे आई आठ दिवस 'लागलं की भर' म्हणून सांगत होती. शिवांजलीने कॅसेट वडिलांचं बोलणं सुरू झालं तिथवर मागे घेतली आणि दोन्ही बटणं दाबली. शिवतेज रडायला लागला, त्याला दटावलं. पद संपल्यावर थांबवलं, कुठवर आलंय बघायला पुढे चालवलं, तर 'लीला, तुला म्हणून सांगतो', झटकन बंद केलं. मग पाण्याचं गाणं, मग अभंग. त्या दुपारी नशीब असं की आईच्या यादीतली पाचही गाणी लागोपाठ लागली. फर्माइशीचा अर्धा तास, कॅसेटीची अर्ध्या तासाची बाजू.

संध्याकाळी आई रानातून आली तेव्हा ती म्हणाली, गाणी भरलीत. कुठल्या कॅसेटीवर, ते तिने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. आधी आलेली कॅसेट जायला हवी, मग ही, असं चाललं होतं तेवढ्यात अकराव्या दिवशी तार आली. बर्फाचा कडा कोसळला होता. चौकीवरचे चौघे गेले. नंतर जे काय झालं ते सगळ्या गावाने पाहिलं. तिरंगा, बंदुकीच्या सलाम्या, तहसीलदार. शिवांजलीला आठवत होता तो फक्त ट्रंकेच्या तळाशी कॅसेट ठेवताना लागलेला डांबरगोळ्यांचा वास. बिराप्पाचं पत्र आलं ते आबांच्या नावाने, त्यात रीतीप्रमाणे दुखवटा होता. त्यालाही वाटलं असणार, वहिनींनी ऐकलंय, आता परक्या माणसाने कशाला विषय काढा. म्हणजे जगात हे ठाऊक असणारी दोनच माणसं उरली, आणि त्यातलं एक नऊ वर्षांचं होतं.

सिनेमाहून आल्यावर तिने शिवतेजला फोन लावला. तो आता गावात ऊस बघतो, आई त्याच्याकडेच असते. "ट्रंकेतल्या आन माझ्या इकत घेतलेल्या मिळून पिशवीभर व्हत्या, ताई," तो म्हणाला. "उंदरं खायला लागलीवती. पुण्याचा एक जण आलता, शौनक म्हणून. जुनी कॅसेटं गोळा करतोय म्हणाला, गाववार. आईनंच सांगितलं दे म्हणून. कागूदबी दिलाय त्येनं, नाव टाकणार हाय म्हणाला. का गं?" काही नाही, म्हणाली ती. आईनेच दे म्हणून सांगितलं. तिला त्या पिशवीत काय ठेवायचं होतं? तिच्या दृष्टीने त्यात तिच्यासाठी कुणी बोललेलं काही नव्हतंच.

ती रात्र आणि पुढचे दोन दिवस शिवांजलीने नुसतं स्वतःशी भांडण केलं. पुस्तकं घेताना, देताना, मुलांना उशिराबद्दल बोलताना तिच्या आतला वकील चालूच होता. नऊ वर्षांचं पोर. आबा बाहेर बसलेले, त्यांनी ऐकलं असतं तर आईची केवढी शोभा झाली असती! आईचीच अब्रू राखली की मी. शिवाय भरायची रीतच होती. शिवाय गाणीही आईचीच होती. हे सगळे मुद्दे तिला पाठ होते, छत्तीस वर्षं तीच तर पोपटपंची चालली होती. पण मंगळवारी दुपारी, रिकाम्या लायब्ररीत, पंख्याच्या आवाजात तो आवाज पुन्हा आला आणि या वेळी तिला त्या आवाजात काय नव्हतं ते ऐकू आलं. ती तेव्हा एवढा वेळ कान लावून का बसली होती? आवाज बारीक करून, आबांची भीती असताना? ती वाट बघत होती. आता अंजा म्हणतील, आता म्हणतील. दोन मिनिटं, तीन मिनिटं. लीला, लीला, लीला. आणि अंजा नाही. मग तिने बटणं दाबली. आबांचं खोकणं त्यानंतरचं होतं की आधीचं, ते आता कोण सांगणार? तिने टेबलावर डोकं टेकलं. शिपाई बिचारा घाबरून पाणी घेऊन आला.

बुधवारी सकाळी पॅसेंजरने ती रहिमतपूरला उतरली. आईला तिने सांगितलं होतं की साताऱ्याला सिनेमाला जाऊ. लीलाबाई आता सत्तरीच्या, कंबरेत वाकलेल्या, पण कानाने आणि डोक्याने खणखणीत. "मला कशाला बाई शिनेमा," म्हणत म्हणत त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. एसटीत खिडकीशी बसून त्या बाहेरच्या रानांचा समाचार घेत होत्या. कुणाचा ऊस लोळलाय, कुणी आलं लावलंय. शिवांजली हूं हूं करत होती. प्रत्येक थांब्याला तिला वाटत होतं, आत्ता सांगून टाकावं आणि उतरून परत जावं. आई मध्येच तिच्याकडे बघून म्हणाली, "जावईबापूंसंगं काय झालंय का तुझं?" नाही गं, म्हणाली ती. "मग तोंड का असं पाडलंयस? शिनेमाला चाललोय का मर्तिकाला?"

साताऱ्यातलं ते जुनं थेटर. बाराच्या खेळाला वीस-बावीस माणसं होती. लीलाबाई पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसल्या आणि टेम्पोवाल्यावर त्यांचा जीव जडला. "पोरगा चांगला हाय, पर खायाचं बघत न्हाई." ढोल वाजले तेव्हा त्यांनी मांडीवर ठेका धरला. पलटणीचा बँड लागला तेव्हा तो हात थांबला. मग कराडच्या पुढची ती वाट आली, उसाच्या ट्रॉल्या आल्या, आणि कानडी भजनाची शेपटी, खट्ट, 'गप रं शिवत्या, भरतंय न्हवं.' पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. लीलाबाई पुढे वाकल्या. "आगं, ही तूच की." आणि नाट्यपद सुरू झाल्यावर त्यांनी लेकीचा हात धरला. "ह्ये माझं गाणं हाय, अंजे. ही ती शेवटली... गेलीच न्हाई बघ ती. ऱ्हायली घरातच." अंधारात त्यांनी बोटांची पेरं मोजायला घेतली. "आता फुडं पाण्याचं यील. मग अभंग. मग त्ये हिंदी." म्हणजे छत्तीस वर्षं तिने तो क्रम पाठ ठेवला होता. पद संपलं, खट्ट. 'लीला, तुला म्हणून सांगतो...' खट्ट. पाण्याचं गाणं सुरू झालं. लीलाबाईंनी मान हलवली, एक पेर सोडलं, आणि मग कपाळाला आठी घालून विचारलं, "मधी कोण बोललं गं? कोण त्यो बाप्या? रेडिवात बोलतोय व्हय?"

तिने ओळखलंच नाही. कसं ओळखणार? या आवाजात हे नाव तिने जन्मात ऐकलं नव्हतं. शिवांजलीच्या मनात पहिल्यांदा आली ती सुटका. लाज वाटावी इतकी स्वच्छ सुटका. व्हय म्हटलं की झालं. रेडिओच. आई पुढचं पेर मोजेल, सिनेमा संपेल, बसस्टँडवर दोघी भजी खातील, आणि हे कायमचं बंद होईल. पडद्यावर टेम्पो सुटला होता. आईचा हात तिच्या हातात होता, खरखरीत, गार, पाचवं गाणं कधी येतंय याची वाट बघणारा. "सांगते," ती म्हणाली. "बाहेर गेल्यावर सांगते." आणि बोलून गेल्यावर तिला कळलं की आता माघार नाही.

खेळ सुटल्यावर त्या बाहेरच्या पायरीवर बसल्या, सावली होती तिथे. समोर उसाच्या रसाचा गाडा होता, त्याची घुंगरं वाजत होती. शिवांजलीने सांगितलं. बिराप्पापासून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, वकिली केली नाही. "आई, ते तुझ्याशी बोलले होते. मी पुसलं. आबांची भीती होती म्हणून, असं मी मनाशी धरून बसले होते. ते खरं नव्हतं. माझं नाव नव्हतं त्यात. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, म्हणून पुसलं." लीलाबाई गाड्याकडे बघत होत्या. शिवांजलीला वाटलं तिला नीट समजलं नसेल, पुन्हा सांगावं लागेल, आणि दुसऱ्यांदा सांगण्याइतका जीव आपल्यात उरला नाही.

"किती येळ बोलत व्हते?" लीलाबाईंनी विचारलं.

"एक बाजू होती."

"म्हंजी किती?"

"अर्धा तास."

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, घाम पुसावा तसं, आणि पदर तोंडावर जरा जास्तच वेळ राहिला. "काय म्हणाले?"

शिवांजलीला इथेच खोटं बोलता आलं असतं. तिला ते सुचलंही, चांगली चार वाक्यं सुचली, आईला पुरली असती मरेपर्यंत. "सगळं आठवत नाही गं," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. "तुझं नाव घेत होते सारखं. लीला, लीला म्हणत होते. आणि म्हणाले, तुझी गाणी दुसऱ्या कुणाला ऐकायला देत नाही. पांघरुणात टेप घेऊन एकटाच ऐकतो. एवढंच मला आठवतंय. पुढचं मी ऐकलंच नाही." लीलाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही आणि हातही लावला नाही. रडू दिलं. दोन कॉलेजची पोरं पायऱ्या चढताना बिचकून बाजूने गेली. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःशीच, ओठ हलवून, ते नाव एकदा म्हणून बघितलं.

मग गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या. "फुडला खेळ कवाचा हाय?"

"तीनचा. का गं?"

"टिकीट काढ."

शिवांजली डोळे पुसत खिडकीशी गेली. तिकीटवाल्याने सवयीने दोन फाडली. ती घेऊन आली तेव्हा आई दाराशी जाऊन उभी होती, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. लीलाबाईंनी दोन तिकिटं बघितली, त्यातलं एक काढून घेतलं आणि दुसरं लेकीच्या हातात तसंच ठेवलं.

"तू भाईर बस," त्या म्हणाल्या. "त्ये माझ्यासंगं बोलत्यात."